चिनी गुलाब: कमी पाण्यात अंगण झाकणारे मांसल फुलझाड

कृषी पर्यटन केंद्र, फार्महाउस किंवा शेतातल्या घरासमोर हिरवळ असावी असे बहुतेकांना वाटते. लॉन लावल्यावर पहिला पावसाळा आणि हिवाळा छान जातो. खरा हिशेब एप्रिलमध्ये सुरू होतो. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे 1 लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात लॉनची रोजची गरज कमीत कमी 5 मिलिमीटर धरली, तरी एका गुंठ्याला, म्हणजे साधारण 101 चौरस मीटरला, दिवसाला 500 लिटरच्या वर पाणी जाते. लॉन पाच गुंठे असेल, तर एकट्या मे महिन्यात सुमारे 78 हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे जवळपास आठ टँकर झाले. ज्या गावात याच महिन्यात डाळिंबाची किंवा मोसंबीची बाग जगवण्यासाठी पाणी विकत घ्यावे लागते, तिथे हे परवडत नाही आणि बरेही दिसत नाही.

अशा जागेसाठी जमिनीलगत पसरणारी, पानात आणि खोडात पाणी साठवणारी मांसल झाडे उपयोगी पडतात. त्यांपैकी आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारे आणि स्वस्त झाड म्हणजे चिनी गुलाब. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुले उमलतात म्हणून याला ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात, तर रोपवाटिकेत ‘पोर्तुलाका’ या नावाने मागितले तरी मिळते. हे झाड कमी देखभालीचे आहे हे खरे. मात्र ती देखभाल कमी राहते ती लावण्याआधी जमिनीवर केलेल्या कामामुळे. ते काम टाळले तर हे झाड एका पावसाळ्यात संपते.

झाडाची ओळख

नावात चिनी असले तरी हे झाड चीनचे नाही आणि गुलाबाच्या कुळातलेही नाही. अर्जेंटिना, दक्षिण ब्राझील आणि उरुग्वे हा त्याचा मूळ प्रदेश. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा. आपल्या शेतात तण म्हणून येणारी आणि बाजारात भाजी म्हणून विकली जाणारी घोळ ही त्याची सख्खी नातेवाईक आहे. घोळीची पाने चपटी आणि टोकाला गोलसर असतात, चिनी गुलाबाची पाने सुईसारखी गोल आणि पेराजवळ पांढऱ्या केसांचा झुबका असलेली. रोपवाटिकेत चपट्या, रुंद पानांचे आणि मोठ्या एकेरी फुलांचेही पोर्तुलाका मिळतात. तेही याच गटातले आहेत, त्यांची लागवड आणि निगा अशीच करावी.

उंची 10 ते 20 सेंटिमीटर, पसारा फूट-दीड फूट. एक फूल एकच दिवस टिकते, पण कळ्या सतत येत राहतात. ढगाळ दिवशी फुले अर्धवट उघडतात किंवा उघडतच नाहीत. मुलांना दाखवण्यासारखी एक गंमत आहे: उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श केला, तर ते हळूच स्पर्शाच्या बाजूला झुकतात. फुलावर बसलेल्या मधमाशीच्या अंगाला त्यामुळे पराग चांगला लागतो.

पाण्याच्या बाबतीत हे झाड वेगळे का, हेही समजून घ्यावे. ऊस आणि मका कमी पाण्यात जास्त अन्न तयार करणारी जी सी-4 पद्धत वापरतात, तीच या झाडात असते. पाण्याचा ताण पडला की निवडुंग किंवा अननसासारखी, रात्रीच्या गारव्यात कार्बन वायू साठवून दिवसा वापरण्याची पद्धतही ते काही अंशी सुरू करते. दोन्ही पद्धती एकाच पानात असणे वनस्पतींमध्ये फार दुर्मीळ आहे, घोळ आणि तिच्या भाऊबंदांत ते आढळते. खुरपून बांधावर टाकलेली घोळ आठवडाभर हिरवी राहते आणि एक सर पडली की पुन्हा मुळे धरते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. तण म्हणून जो चिवटपणा आपल्याला त्रास देतो, तोच इथे कामाला येतो.

कुठे लावू नये

चिनी गुलाब लॉनसारखा तुडवता येत नाही. मांसल खोड पायाखाली चिरडते आणि तिथून कुजते. मुले खेळतात, पाहुणे बसतात, गाड्या वळतात, अशा जागी तो लावू नये. ये-जा करायच्या ठिकाणी फरशीचे तुकडे किंवा चपटे दगड टाकून मधल्या जागेत लागवड करावी.

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. आंबा, चिंच, वड यांच्या सावलीत किंवा घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत झाडे लांबट, पोकळ आणि बिनफुलांची होतात. फळबागेत झाडांच्या आळ्यात जिवंत आच्छादन म्हणून हे लावावे का, असे शेतकरी विचारतात. माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. तिथे ऊन पुरत नाही आणि किडीचा जो धोका आहे तो पुढे सांगितला आहे.

योग्य जागा म्हणजे घराकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा, दगडी बांधाचा माथा, गच्ची, पाण्याच्या टाकीभोवतीची मुरमाड जागा, उतारावरची उघडी माती, तुळशी वृंदावनाभोवतीचा ओटा. जिथे दुसरे काही टिकत नाही अशा तापलेल्या, हलक्या जागेत हे झाड खुलते.

जमीन: सगळे इथेच ठरते

या झाडाला ताण मारत नाही, साचलेले पाणी मारते. मी स्वतः पहिल्यांदा लावले तेव्हा घरासमोरची काळी माती नांगरून, भरपूर शेणखत घालून, सपाट वाफ्यात रोपे लावली होती. मार्च ते जून वाफा पाहण्यासारखा होता. जुलैत सलग आठ दिवस पाऊस झाला आणि खोडे बुडापासून पाणचट, तपकिरी झाली. नवव्या दिवशी हाताने उचलले तर अख्खा गालिचा मुळाशिवाय हातात आला. त्याच वेळी ओट्याच्या फटीत पडलेल्या एका फांदीपासून वाढलेले झाड फुलांनी भरलेले होते. तिथे ना खत होते ना माती.

हलकी, मुरमाड, तांबडी किंवा वाळूमिश्रित जमीन असेल तर फार काही करावे लागत नाही. काळ्या भारी जमिनीत मात्र 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. वरच्या थरात एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. वाळू बारीक असेल तर उपयोग होत नाही, ती काळ्या मातीत मिसळून घट्ट थर तयार करते. वाफ्याला एका बाजूला किंचित उतार द्यावा, दर मीटरला दोन सेंटिमीटर पुरेसा आहे. उताराच्या टोकाला पाणी बाहेर जाण्यासाठी चारी मोकळी ठेवावी.

निचरा कसा आहे हे लावण्याआधी तपासता येते. हातभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा पाणी जिरायला किती वेळ लागतो ते पाहावे. दोन-तीन तासांत जिरले तर जागा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसले, तर गादीवाफ्याशिवाय तिथे लागवड करू नये.

दुसरे काम तणाचे. चिनी गुलाबाचे झाड बुटके असल्याने लव्हाळा आणि हरळी त्यातून सहज वर येतात. एकदा गालिचा दाटला की त्यातून लव्हाळा खुरपणे फार कटकटीचे होते, कारण प्रत्येक वेळी चिनी गुलाबाच्या फांद्याही मोडतात. म्हणून लागवडीआधी जमीन खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा वेचून काढाव्यात, पाणी देऊन उगवून येऊ द्यावे आणि पुन्हा वेचावे. असे किमान दोनदा करावे. एप्रिल-मेमध्ये ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवले तर तणांचे बरेचसे बी उष्णतेने मरते. पण लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी त्याने मरत नाहीत. त्यामुळे प्लॅस्टिक टाकले म्हणून वेचणी चुकवू नये.

रोपे: बी की फांदी?

बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे येतात. उगवणीला उजेड लागतो, म्हणून बी मातीत गाडू नये. बारीक वाळूत मिसळून ओल्या माध्यमावर पसरावे, हलके दाबावे आणि फवाऱ्याने पाणी द्यावे. 24 ते 27 अंश तापमानात एक ते दोन आठवड्यांत उगवते. मात्र बियांपासून मिश्र रंग येतात आणि दुहेरी पाकळ्यांच्या झाडापासून काही रोपे एकेरी फुलांची निघतात.

ठरावीक रंग हवा असेल तर फांदीपासूनच रोपे करावीत, ते सोपेही आहे. 5 ते 8 सेंटिमीटर लांबीचे, निरोगी, न फुललेले शेंडे सकाळी काढावेत. खालची पाने काढून फांद्या सावलीत काही तास ठेवाव्यात म्हणजे कापलेला भाग सुकतो आणि कूज लागत नाही. नंतर वाळू व कोकोपीट समप्रमाणात भरलेल्या प्रो ट्रेमध्ये किंवा थेट वाफ्यात खोचाव्यात. साधारण एका आठवड्यात मुळे फुटू लागतात.

क्षेत्र मोठे असेल तर सगळी रोपे विकत आणण्याची गरज नाही. 20 सेंटिमीटर अंतराने लावल्यास चौरस मीटरला 25, म्हणजे गुंठ्याला सुमारे 2,500 रोपे लागतात. डिसेंबरच्या शेवटी 20 चांगली मातृझाडे आणून ऊबदार, उन्हाच्या जागी ठेवली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या 10 फांद्या घेतल्या, तर 200 रोपे होतात. ती दीड महिन्यात वाढतात. मग प्रत्येकाच्या 12 फांद्या धरल्या तर 2,400. मार्चच्या अखेरीस एक गुंठा लावून होतो. घाईने हवे असेल तर 15 सेंटिमीटर अंतर ठेवावे, पण रोपे पावणेदोन पट लागतात.

लागवड आणि पहिला महिना

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पाऊस संपल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुसरा हंगाम, परंतु नाशिक, अहिल्यानगर आणि विदर्भाच्या थंड भागात तेव्हा लावलेली झाडे डिसेंबर-जानेवारीत जागच्या जागी थांबतात. ऐन मेमध्येही लागवड होते, पण मग पहिले तीन आठवडे पाण्याची बचत विसरावी लागते.

लावल्यावर पहिला आठवडा रोज हलके पाणी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसाआड, त्यानंतर अंतर वाढवत न्यावे. कमी पाण्याचे झाड म्हणून पहिल्याच आठवड्यात पाणी तोडणे ही हमखास होणारी चूक आहे. मुळे खाली गेल्याशिवाय ताण सोसता येत नाही. या महिन्यात दोन वेळा खुरपणी करावी. त्यानंतर गालिचा दाटतो आणि बियांपासून येणारी तणे बरीच कमी होतात.

पाणी, खत, छाटणी

स्थिरावलेल्या झाडाला वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. हलक्या जमिनीत भर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चौरस मीटरला 10 लिटर हे प्रमाण धरून चालावे आणि झाडाकडे पाहून कमी-जास्त करावे. या हिशेबाने पाच गुंठ्यांना महिन्याला 22 हजार लिटरच्या आसपास पाणी लागते, सुरुवातीला मांडलेल्या लॉनच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पाने सुरकुतली, बारीक झाली की झाडाला तहान लागली आहे. पाने फुगीर असून खोड मऊ पडत असेल तर पाणी जास्त झाले आहे. दोन्ही वेळा झाड मरगळलेले दिसते, म्हणून पाणी सोडण्याआधी मातीत बोट घालून पाहावे. शक्यतो ठिबक वापरावे. तुषार सिंचनाने फुले लवकर खराब होतात.

वाफा तयार करताना चौरस मीटरला दोन किलो शेणखत दिलेले असेल, तर वर्षभर वेगळ्या खताची फारशी गरज नसते. युरिया देऊ नये. नत्र जास्त झाले की पाने वाढतात, खोड लुसलुशीत होते, फुले कमी येतात आणि किडी लागतात. झाड फारच पिवळट वाटले तर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा द्यावे.

दोन-अडीच महिन्यांनी मधला भाग उघडा पडतो आणि फुले फक्त टोकांना दिसतात. अशा वेळी कात्रीने सगळा वाफा जमिनीपासून 5 ते 7 सेंटिमीटरवर छाटावा. दोन-तीन आठवडे वाफा ओकाबोका दिसतो, नंतर दाट फुटतो. छाटलेले शेंडे फेकू नयेत, तीच पुढची रोपे.

पावसाळ्याची तजवीज

कोकण, घाटमाथा आणि गोव्यात उघड्या जमिनीवर हे झाड पावसाळा क्वचितच पार करते. तिथे ते ऑक्टोबर ते मे या काळाचे झाड समजून लावावे. पठारावर, कमी पावसाच्या भागात गादीवाफ्यावर टिकते, तरी सलग पावसाच्या वर्षी काही भाग कुजतोच. म्हणून मे महिन्याच्या शेवटी प्रत्येक रंगाची पाच-सहा झाडे कुंड्यांत लावून पत्र्याखाली, पण उजेडात ठेवावीत. जूनच्या सुरुवातीला एक छाटणी द्यावी म्हणजे हवा खेळती राहते. कुजलेला भाग दिसताच आजूबाजूच्या चार बोटे निरोगी झाडांसह उचलून काढावा आणि तिथली माती उघडी, कोरडी होऊ द्यावी. पाणी साचत असेल तर बुरशीनाशक टाकून उपयोग होत नाही, चारी मोकळी करणे हाच इलाज.

पावसाळ्यात गोगलगायींचाही उपद्रव होतो. संध्याकाळी ओली गोणपाटे वाफ्याच्या कडेला ठेवावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. विषारी गोळ्या वापरायच्या असतील तर कुत्री, कोंबड्या आणि मुले तिथे येणार नाहीत याची खात्री असेल तरच वापराव्यात.

पिठ्या ढेकूण: शेतकऱ्याने दुर्लक्ष करू नये असा भाग

शहरातल्या बागेत पिठ्या ढेकूण ही केवळ दिसायला वाईट अशी कीड असते. शेतात गोष्ट वेगळी आहे. 2005 नंतरच्या काही वर्षांत कपाशीवर ज्या पिठ्या ढेकणाने मोठे नुकसान केले, तो फेनाकोकस सोलेनॉप्सिस घोळ आणि चिनी गुलाब या दोन्हींवर जगतो. गाजरगवतावरही तो असतो. म्हणजे कपाशी उपटल्यावर पुढच्या हंगामापर्यंत त्याला घरासमोरच्या फुलांच्या वाफ्यात आसरा मिळू शकतो. द्राक्ष, डाळिंब, सीताफळ यांनाही पिठ्या ढेकणांचा त्रास होतो, म्हणून या बागांच्या अगदी लगत चिनी गुलाबाचे मोठे क्षेत्र करू नये. बागेत काम करून आलेले मजूर, अवजारे आणि मुंग्या यांच्याबरोबर पिल्ले पसरतात.

म्हणून रोपवाटिकेतून रोपे आणताना प्रत्येक कुंडी उलटून बुडाजवळ, पेरात आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पुंजका आहे का ते पाहावे. आणलेली रोपे दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून मगच मातृझाडे म्हणून वापरावीत. वाफ्यात मुंग्यांची रांग दिसली तर ती ज्या झाडाकडे जाते तिथे पहिल्यांदा शोधावे. पिठ्या ढेकणाचा चिकट गोड स्राव मुंग्यांना हवा असतो आणि त्या बदल्यात त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात.

थोडी झाडे बाधित असतील तर उपटून पिशवीत बांधून जाळावीत, बांधावर फेकू नयेत. प्रादुर्भाव पसरलेला असेल तर आधी छाटणी करून 5 टक्के निंबोळी अर्क किंवा हवेत ओलावा असताना लेकॅनिसिलियम लेकॅनी ही जैविक बुरशी लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारावी. सकाळी फुले उघडी असताना मधमाश्या येतात, त्या वेळी कोणतीही फवारणी करू नये. तपकिरी, कडक, टरफलासारखे झालेले पिठ्या ढेकूण दिसले तर फवारणी थांबवावी. त्यात परोपजीवी माशीची वाढ होत असते आणि ती पुढचे काम आपल्यापेक्षा चांगले करते.

जनावरे आणि भाजी

घोळीच्या कुळात ऑक्सॅलेट बरेच असते. उपाशी शेळ्या-मेंढ्यांनी एकदम भरपूर खाल्ले तर विषबाधा होऊ शकते, म्हणून छाटणीचा ढीग गोठ्यात टाकू नये. चिनी गुलाबाची घोळीसारखी भाजी करू नये. शोभेच्या रोपांवर रोपवाटिकेत कोणती औषधे मारली हे आपल्याला माहीत नसते.

जागा वेगळी असेल तर

अर्धवट सावली असेल तर बेबी सन रोज लावावे. हृदयाच्या आकाराची चकचकीत मांसल पाने, छोटी गुलाबी-लाल फुले, फांदीपासून तितक्याच सहज वाढ, आणि पसरण्याचा वेग चिनी गुलाबापेक्षा जास्त. निचऱ्याची अट तीच. किनाऱ्यावर आणि खाडीकाठी, जिथे माती खारवट आहे, तिथे सेसुव्हियम हे मांसल पानांचे झाड आपणहून वाढलेले दिसते. फुले लहान आणि जांभळट असतात, पण खाऱ्या मातीत लॉनपेक्षा तेच भरवशाचे. खाडीकाठची नैसर्गिक झाडे उपटून आणू नयेत, चार फांद्या पुरतात.